शेफील्डचे सात वस्तरे

५ जानेवारी २०२५
निवृत्तीनंतर माणसाला व्यासंग हवा. मी निवडला: जुने इंग्लिश स्ट्रेट रेझर. जमवायचे आणि त्यांनीच दाढी करायची. पस्तीस वर्षं फायली चाळल्या, पण आतला रसिक शाबूत आहे. लेकीचा, समीक्षाचा, साखरपुडा १६ फेब्रुवारीला. हर्णेच्या व्याह्यांसमोर शेफील्डच्या पोलादाने घोटलेली हनुवटी घेऊन उभं राहायचं. संकल्प.
दीपाली म्हणाली, म्हणजे वस्तरा ना? बायकोला सगळंच एका पातळीवर आणायची सवय आहे.

१४ जानेवारी
ऑनलाइन सात नगांचा लॉट आला. पाच गंजलेले. गंज नव्हे, पॅटिना, म्हणजे काळाने चढवलेली झाक. एकाची मूठ शिंगाची. जाणकार सांगतात, नवशिक्याने गोल टोकाचा निवडावा, चौकोनी टोक रुततं. मी चौकोनी निवडला. पस्तीस वर्षं सरकारी टाचण्या हाताळलेला माणूस नवशिका कसा?

२० जानेवारी
चामड्याच्या पट्ट्यावर धार लावणं सुरू. पट्टा माझाच, कमरेचा. दोन तुकडे झाले. पँट सध्या सुतळीवर.

२७ जानेवारी
भिकाजीच्या सलूनमध्ये संग्रह दाखवायला नेला. बावीस वर्षं तोच माझी दाढी करतो. अंगठ्यावर पातं फिरवून म्हणाला, "साहेब, वस्तरा चांगला हाय. पण धार माज्याकडना लावून घ्या. नि मिशीच्या वाटंला जाव नुका."
गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरला बिचारा.

९ फेब्रुवारी, स. ७.१०
शुभारंभ.
स. ७.४०
डावा गाल उत्तम. रक्त किरकोळ. मिशीची डावी बाजू जराशी कमी झाली.
स. ८.०५
समतोलासाठी उजवीही कमी केली. आता डावी जास्त वाटते.
स. ८.३०
मिशी नाही. चेहऱ्याला एक ब्रिटिश ठेवण आली आहे. दीपालीने मला बघून आधी वस्तरा काढून घेतला. म्हणाली, वडील जिवंत असताना कोणी मिशी उतरवतं का? लोक काय समजतील? अंधश्रद्धा, दुसरं काय.

१० फेब्रुवारी
फाटकाशी शेजारच्या धोंडूबाई. माझ्या ओठाकडे बघतच राहिल्या. खुलासा करणं शोभलं नसतं. गंभीरपणे मान हलवून आत आलो.
संध्याकाळी समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो. हार घातलेला. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली एकशे बारा जोडलेले हात. आप्पा राजापूरला आहेत. सकाळीच फोनवर काजूच्या मोहोराबद्दल बोलले.

११ फेब्रुवारी
हर्णेहून व्याह्यांचा फोन. सुतकात साखरपुडा कसा करायचा? म्हटलं, कोणीही गेलेलं नाही, मी शेव्हिंगचा छंद जोपासतो.  ते म्हणाले, कार्य उरकायला सुतक लपवणारी माणसं आम्ही पाहिलीत. विचार करून कळवतो.
आप्पांकडे बटणांचा फोन, त्यामुळे व्हिडिओ कॉलही नाही.
समीक्षाने खोलीत जाऊन नुसता दरवाजा लावून घेतला. मला खरोखर भीती वाटली. पोरीचं ठरलेलं लग्न मी मिशीपायी घालवलं की काय.

१३ फेब्रुवारी
आप्पांना सगळं सांगावं लागलं. पहिल्या एसटीने आले. वय चौऱ्याऐंशी, पांढऱ्या मिशीला तेल. माझं तोंड न्याहाळून म्हणाले, "मी जिता हाय. माजा सुतक धरायची येवडी घाई कशाला केलीस?"

त्यांना घेऊन तसाच हर्णेला गेलो. आप्पा व्याह्यांच्या ओटीवर बसले. बांगड्याची आमटी नि तीनदा भात घेतला. विहीणबाई वाढत होत्या आणि व्याही नुसते बघत होते. पुरावा म्हणून तेवढं पुरलं.

१६ फेब्रुवारी
साखरपुडा झाला. श्रद्धांजली वाहिलेले सगळे ओळीने आप्पांच्या पाया पडले. धोंडूबाईंनी दोनदा. समीक्षा आणि होणारा जावई अजिंक्य छान दिसत होती. फोटोग्राफर मला सारखा मागच्या रांगेत उभा करत होता. उंचीमुळे असावं.

१७ फेब्रुवारी
व्याह्यांचा फोन. देणंघेणं काही नको, म्हणाले. अट एकच: मे महिन्यात लग्न लागेपर्यंत मुलीच्या बापाने घरी दाढी करायची नाही.
मी विचार करून कळवतो म्हणणार होतो. दीपालीने फोन घेऊन हो सांगितलं.
सातही वस्तरे आप्पा गावी घेऊन गेले. काजूची कलमं बांधायला धार लावून वापरतील म्हणे. भिकाजीने उद्या नऊला बोलावलं आहे.