पाळणा शेगडीपासून हातभर

माय,

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुला पत्र लिहायचा प्रश्न कधी आलाच नाही. आज लिहितेय, तेही ओट्यापाशी उभ्यानेच, कारण दर घटकेला आत जाऊन बघायचं आहे. तुझ्या नातीला मुलगी झालीय. आज पाचवा दिवस. पाचवीच्या पूजेत सटवाईपुढे ठेवायला नवी वही आणि पेन आणलंय, त्याच वहीची मधली पानं मी काढून घेतलीत. बाळाचं नशीब लिहायला सटवाईला एक पान पुरतं. तुझ्या-माझ्यातलं एका पानात बसायचं नाही. आत बाळ झोपलंय, सगळ्या घराला त्याचं कौतुक, आणि मला मात्र ते झोपणंच आवडलेलं नाही.

पोरगी जरा आधीच झाली, म्हणून चणीने लहान आहे. जळगावच्या दवाखान्यातून परवा सोडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, दर दोन तासांनी उठवून पाजा, ऊब द्या, उद्या वजनाला घेऊन या. वजन आणखी उतरलं तर ठेवून घ्यावं लागेल म्हणाल्या. ठेवून घेणं म्हणजे काय ते मला कळतं, माय. बाळ काचेच्या पेटीत आणि आई बाहेर बाकड्यावर. तीस वर्षं नरडाण्याच्या बाजूला खेड्यापाड्यांत नर्सबाई म्हणून फिरले, किती बायांना त्या बाकड्यावर बसलेलं पाहिलंय. पण आपली पोर तिथे बसलेली मला बघायची नाही.

थांब, बघून येते.

तशीच आहे. सकाळपासून दोनदा तोंडाला लावली, चार घोट घेतले न घेतले आणि पेंगली. तळपायाला टिचकी मारली, कान चोळला, ढिम्म. पोट कोमट लागतंय आणि पाय गार. दोन स्वेटर, टोपी, मोजे, वर दुपटं, एवढं असून पाय गार. कारण स्वेटर काही ऊब तयार करत नाही गं, असेल तेवढी धरून ठेवतो, आणि एवढ्याशा जिवाकडे स्वतःची ऊब असून असून किती असणार. हे मला पाठ आहे. शेकडो बायांना सांगितलंय. घरात मात्र माझं कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, "कपडे काढ, नुसत्या लंगोट-टोपीवर छातीशी घे, वरून शाल ओढ." तर तुझी नात म्हणते कशी, "आई, ही पौषातली थंडी आणि तू लेकराला उघडं कर म्हणतेस? हे आजीच्या काळातलं मला नको सांगूस." आणि उठून तिने रूम हीटर ओढून पाळण्याजवळ आणला. "एवढ्या जवळ नको," म्हणाले. तर हसली. म्हणाली, "आजीसारखं नाही गं करत मी. चांगलं हातभर अंतर आहे."

हातभर. माय, नेमकं तेवढंच होतं ते.

दीपनगरचं वीजकेंद्राचं क्वार्टर आठवतं तुला? दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, आणि कॉलनीतल्या प्रत्येक घरात विजेची शेगडी. वीज जिथे तयार होते तिथेच आपण राहतो, मग थंडीने का मरायचं, असं सगळ्याच बाया म्हणायच्या. शेगडीची तार दिवसभर लालबुंद. तू गावाहून आली होतीस माझं हिच्या वेळचं बाळंतपण करायला, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि तुझ्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं मऊ दुपटं घेऊन. आणि मी? नुकताच नर्सिंगचा कोर्स पास झालेली. काय माझा तोरा! तू काजळाची डबी काढलीस, मी हिसकावून घेतली. नाळेला हळद लावायला निघालीस, मी ओरडले, "काही लावायचं नाही, कोरडी राहू दे, आपोआप पडते." मध चाटवायला निघालीस तर तुझा हातच धरला. यात काही चुकले नव्हते, आजही असंच सांगेन. तू सगळं निमूट ऐकलंस, काजळाची तीट तेवढी पोरीच्या टाचेला लावून मोकळी झालीस. पण पोरीला तू चोळीची गाठ सोडून उघड्या छातीवर घेतलंस तेव्हाही मी तसंच ओरडले. "घामेजलेली आहेस! जंतू लागतील! थंडी भरेल तिला!" पोर तुझ्या छातीवरून अक्षरशः ओढून घेतली. तीन कपडे चढवले, खिडकी लावली, पाळणा शेगडीजवळ सरकवला. हाताने अंतरही मोजलं होतं. शिकलेली ना मी.

ती दुपारभर झोपली. मी तुला दिमाखात म्हणाले, "बघ, कशी शांत झोपलीय." तू स्वयंपाकघरात शेपाचं पाणी उकळत होतीस. हात पुसत आलीस, पोरीच्या मानेखाली बोटं घातलीस, आणि तुझा चेहराच बदलला. मला अजून दिसतो तो. पोर तापलेली, लालभडक, ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली, हात उचलला तर लुळा पडतोय. तू म्हणालीस, "ही झोपेल नही, ही भाजाई राहिनी. काढ हाई बठ्ठं." सगळं काढ म्हणालीस, आणि मी नुसती उभी. पुस्तकातलं एक अक्षर आठवेना. तूच शेगडी बंद केलीस, खिडकी उघडलीस, कपडे उतरवलेस, पोरीला छातीवर घेऊन दारापाशी बसलीस. मला म्हणालीस, "रडू नको. वाटी ली ये, दूध काढ." मी वाटीत दूध पिळत होते आणि तू बोंडल्याने थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत होतीस. दवाखान्याची गाडी यायच्या आत ती रडली. एवढा चिरका, एवढा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही. गाडीत बसताना तू एकच वाक्य बोललीस, "शेगडीले काय समजस? छाती शे ना आपली."

आणि मग तुझे जावई पाळीवरून धावत दवाखान्यात आले. "काय झालं? कोणी ठेवलं तिला तिथे?" माझ्या सासूबाईही मागोमाग. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू पुढे झालीस. "मीच ठेयेल व्हता पाळना शेगडीजोडे, जवाईबापू. अडानी बाईले काय समजस?" सासूबाई तुला काय काय बोलल्या! तू मान खाली घालून उभी. मी पलंगावर, पोर जवळ, आणि माझ्या तोंडातून शब्द नाही. वाटलं, नंतर सांगेन. घरी गेल्यावर सांगेन. रात्री तू माझे पाय चेपताना हळूच म्हणालीस, "तुले नोकरी करनी शे. नर्सना हातून असं व्हयनं म्हनतील तर तुना हाते कोन लेकरू दिई?" मी रडले. आणि तो विषय तिथेच बंद केला, कारण तो बंद राहण्यात माझी सोय होती.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण नाही. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मातांची बैठक घेतली, बाया कंटाळल्या होत्या, जांभया देत होत्या. मी तुझी गोष्ट सांगितली. माझ्या आईने बाळाला शेगडीजवळ ठेवलं आणि मी कशी वेळेवर पाहून वाचवलं. तुझ्या बोलण्याची नक्कलसुद्धा केली, माय, "अडानी बाईले काय समजस" म्हणून. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बैठक रंगली. मग दर बैठकीत सांगत गेले. तू जिवंत असताना सांगत होते, तू गेल्यावरही. तुझी नात तीच गोष्ट ऐकत वाढली. लहानपणी पाहुण्यांना सांगायची, "आजीने मला भाजून काढलं होतं." तू समोर बसलेली असायचीस. पोरीचा पापा घ्यायचीस आणि हसायचीस. मला लाज कशी वाटली नाही गं?

थांब. आत काही आवाज झाला.

नाही, पाळण्याची कडी वाजली.

तू गेल्यावर दोन-तीन वर्षांनी धुळ्याला आमचं ट्रेनिंग होतं. भिंतीवर चित्र लावलं. एक बाई, उघड्या छातीवर उभं धरलेलं इवलंसं बाळ, डोक्याला टोपी, वरून पांघरूण. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कमी वजनाच्या बाळाला याहून चांगली ऊब नाही, ही नवी पद्धत आहे. माझ्या शेजारच्या सगळ्या भराभर लिहून घेत होत्या. मी त्या चित्राकडे बघत बसले. लुगडं तेवढं नव्हतं, बाकी तूच. जेवायच्या सुट्टीत मोरीत जाऊन तोंड धुतलं. कोणाला काही बोलले नाही. पुढच्या बैठकीपासून ती नवी पद्धत शिकवायला लागले, आणि शेगडीची गोष्टही चालूच ठेवली.

तुझी नात आंघोळीला गेलीय. दार लागल्याचा आवाज आला. मी येते.

आले. तासाभराने आले. सांगते.

ती मोरीत गेल्या गेल्या मी हीटरचं बटण बंद केलं. बाळाचे स्वेटर काढले, लंगोट आणि टोपी ठेवली, स्वतःचं ब्लाउज सोडलं आणि तिला छातीवर बेडकासारखी उभी घेतली, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून शाल. भिंतीला टेकून बसले. तुझ्या जावयांना आधीच गाडी काढून अंगणात लावायला सांगितलं होतं, अर्ध्या तासात हलली नाही तर जळगाव. पाय गारच. मी माझा श्वास मोजत होते, तिचा मोजत होते. किती वेळ गेला कोण जाणे, तिची बोटं माझ्या कातडीवर जरा वळवळली. मग पाय कोमट लागले. मग तिने डोकं इकडेतिकडे घासायला सुरुवात केली, तोंड उघडून शोधायला लागली. भूक लागली होती सटवीला! मी एकटीच हसले, डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळं.

तुझी नात ओल्या केसांनी बाहेर आली आणि किंचाळली, "आई! उघडी केलीस तिला? सांगितलं होतं ना मी!"

"ओरड नंतर," मी म्हणाले. "आधी पाय बघ."

तिने हात लावला. मग दुसरा पाय. पलंगावर बसली आणि गाऊनची बटणं सोडली. मी बाळ तिच्या छातीवर दिलं. बाळाने तोंड मोठं उघडलं, नीट धरलं, आणि घोट ऐकू यायला लागले, एकामागून एक, चांगली वीस मिनिटं. मध्ये पेंगली तर नुसती पाठ चोळली, पुन्हा लागली. मग खांद्यावर घेऊन ढेकर, आणि लंगोट ओला. ओल्या लंगोटाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तुझी नात रडत होती. म्हणाली, "आई, हे तुला कोणी शिकवलं?"

बघ, दार सताड उघडं होतं. नुसतं "तुझ्या आजीने" म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं.

"धुळ्याच्या ट्रेनिंगमध्ये," मी म्हणाले.

"बरं झालं बाई, तू शिकलेली आहेस," ती डोळे पुसत हसली. "आजीच्या हातात असतो ना आम्ही दोघी..." आणि मीही हसले, माय. तिच्याबरोबर हसले.

अजून एकदा पाजून झालंय. संध्याकाळी पाटा मांडायचा आहे, उद्या वजनाला जायचं आहे, ते कितीही भरलं तरी आज तरी पोर हललीय. मनाला म्हणते, पूजेला बसायच्या आधी सांगून टाकू. मनाला मी असं खूपदा म्हटलेलं आहे. बघ, ती हाक मारतेय, "आई, घे गं हिला जरा, माझी पाठ भरून आलीय." ही पानं घडी करून शेपांच्या डब्यात ठेवते, तिथे कोणी हात घालत नाही. खरं सांगू? तिने बाळ माझ्या हातात द्यायचं थांबवू नये, एवढ्यासाठीच तू अजून अडाणी आहेस.