डार्लाच्या पलंगावरची गांडुळं

बेंटन, केंटकी
१२ एप्रिल १९९३

प्रिय डार्ला,

तुला बापाचे आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासूनच कुरकुरतोय. तू जेवतेस ना वेळेवर? गाडीचे टायर तपासून घे.

तुझं पत्र मागच्या आठवड्यातच मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण शनिवारी तळ्यावर मासेमारीची स्पर्धा आहे आणि हॉइटला दुकानासाठी माझी गळाला लावायची रबरी गांडुळं हवी आहेत. ओतून झाली, पण मी ती अजून पिशव्यांत भरलेली नाहीत. साच्यातून निघालेलं गांडूळ वरून घट्ट दिसतं, आतून मात्र कच्चंच असतं. त्याला सपाट फळीवर सरळ पडू द्यावं लागतं. घाईने पिशवीत कोंबलं, तर जसं दुमडेल तसंच जन्मभर राहतं. मग ते पाण्यात पोहत नाही, नुसतं गरगरतं. जांभळी आणि पांढरी तर मी शेजारीसुद्धा ठेवत नाही, रंग लागतो. या कामात माझा हात धरणारा तळ्याकाठी कोणी नाही.

शेडमध्ये ऊन फार, म्हणून फळ्या तुझ्या खोलीत मांडल्यात. पलंगावरसुद्धा. माशांना भुलवायला त्यांत घातलेल्या बडीशेपेच्या तेलाचा वास गादीला लागला असेल का, हीच काळजी आहे. खिडकी उघडली तर धूळ येते.

काल ईस्टरची प्रार्थना झाल्यावर चर्चमध्ये कॉफी घेत होतो. हॉइट सगळ्यांसमोर म्हणाला, "एल्वुड, आजच भर की पिशव्या! माशाला काय कळतंय सरळ-वाकडं?"

"माशाला कळतं. तुझ्या गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून तर ते तुझ्याकडे येतं."

सगळे हसले. तेवढ्यात त्याची बायको बर्नीस म्हणाली, "डार्ला नाही आली या वेळी? जावई बरे आहेत ना?"

लोकांना काय सांगायचं, याचा आठवडाभर घोर होता. झोप नव्हती. पण तोंडातून सरळ निघालं, "डार्ला येतेय. राहायला."

"दोघं?"

"एकटी."

"अगंबाई! किती दिवस?"

"दिवस मोजायला ती पाहुणी आहे का, बर्नीस? घर तिचं आहे."

बर्नीस कपातली साखर ढवळत राहिली. मग हॉइटच म्हणाला, "अरे, पण पोरीला झोपवणार कुठे? गांडुळांत?" मीही हसलो.

तू विचारलं होतंस, रँडलला सोडून घरी येऊ का. गावाला उत्तर आधी कळलं, तुला आज कळतंय. एवढं माफ कर.

गांडुळं बुधवारपर्यंत पडून राहतील, ती काही मी हलवून वाकडी करणार नाही. त्याआधी आलीस तर माझ्या पलंगावर झोप, मला खुर्ची पुरते. रँडलचा फोन आला तर मी बोलेन. आवाज चढवणार नाही, असं ठरवलंय. जमेलच असं नाही.

रात्री गाडी चालवू नकोस. पण निघायला रात्रच सापडली, तर रात्रीच निघ.

मी घरीच आहे.

तुझा बाप,
एल्वुड