ङ कोणी काढला

मी, नूरुद्दीन शेख, वय एकाहत्तर, धंदा पेंटर, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पाच मिनिटे भांडून पाहावे. माझ्यामागे काय कोणाला जावे ते खाली लिहवून घेतले आहे.

१. घर शरियतप्रमाणे मुलगा मोहसीन आणि मुलगी रूही यांच्यात वाटले जाईल. त्यात मी हात घालत नाही.

२. बांबूची शिडी मुखरूला. तीस वर्षे त्याने ती खालून धरली आणि मी वरून राइस मिलच्या भिंतींवर नावे रंगवली. गेल्या वर्षापासून तो फिरकत नाही. खाली सांगितलेल्या चोरीचा माझा संशय त्याच्यावरही होता.

३. आता मुख्य गोष्ट, माझी अक्षरांची वही, जिच्यात पाट्यांना लागणारी अक्षरे मी माझ्या वळणात काढून ठेवली आहेत. दिवाळीत बसस्टँडवर वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, त्यात माझा ळ होता, पोट सुटलेला, शेपटी उडालेली. एका ओळीत दोन ळ, आणि दोन्हींत केसाचाही फरक नाही. हाताने असे होत नाही. कोणीतरी माझ्या अक्षरांचा कॉम्प्युटरवर फाँट केला होता. आता सिरोंचापर्यंत लग्नपत्रिकांवर मीच आहे, तेही मला न विचारता. चोर सापडेपर्यंत वही कोणालाच द्यायची नाही, असे मी ठरवले.

४. मोहसीनचे फ्लेक्सचे दुकान, म्हणून पहिला तोच. तो म्हणाला, "अब्बा, मले हे जमत असतं तं मी इथी मूलमंदी बसलो असतो काय?" मला पटले नाही. मी त्याला त्या फाँटची सगळी अक्षरे छापायला लावली. त्यांत ङ निघाला. चाळीस वर्षांत एकाही दुकानदाराने माझ्याकडून ङ लिहवून घेतला नाही, वहीतही तो नाही. तरी वळण माझेच होते, तसेच बसके, उजवीकडे कललेले. चोराने माझा हात शिकून घेतला होता.

५. काल वकील हा मसुदा मला वाचून दाखवत असताना रूही आत आली.

"मीनं काढला तो, अन् फाँटबी मीनंच केला. वहीत होते ते तुमचे, नव्हते ते माये."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी हो म्हटलं असतं काय? लहानपनी ब्रशले हात लावला तं मारलं होतं तुमी. अन् तुमचा हात थरथरून राह्यला, अब्बा. मुखरूभाऊले भेव वाटते तुमी पडसान म्हनून. त्याच्यापायीच तो येत नाई."

 घरात सगळ्यांना माहीत होते आणि मी चोर शोधत होतो.

६. वही आणि सगळे ब्रश रूहीला. मोहसीनने हरकत नसल्याचे लिहून दिले आहे. उद्या शब्द फिरवील म्हणून त्याची एक प्रत वकिलाकडे ठेवली आहे.

७. तो ङ तिच्या नावावर राहावा, माझा म्हणू नये. तो माझ्या सगळ्या अक्षरांपेक्षा चांगला आहे. हे कलम रूहीला मी गेल्यावरच वाचून दाखवावे. आत्ता कळले तर ती काय मागेल याचा भरवसा नाही.

ठिकाण मूल, दिनांक २२ फेब्रुवारी २०२४.

साक्षीदार: सोमाजी गेडाम, जुबेर पठाण. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो.

माझी सही तीनदा करून पाहिली. अर्ध्या मूलची नावे मी लिहिली, माझे मला आले नाही. लाज वाटली. खाली डाव्या हाताचा अंगठा आहे. तो टेकवताना मनगट रूहीने धरले होते.