उणे अठरा ग्रॅम

प्रिय धाकट्या जाऊबाई,

सप्रेम नमस्कार (थोरली असून आधी मी नमस्कार करते आहे, यावरूनच काय ते ओळख). तुझी कंबर आता कशी आहे? लेक अजून येईल-जाईल त्याला चावते का? आम्ही मायलेकी खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

आमच्या कन्येने एकतिसाव्या आठवड्यातच, नोटीस न देता, या जगात पाऊल टाकलं हे तुला ठाऊक आहेच. चौदाशे ग्रॅम! माझ्या भाषणांची फाइल याहून जड भरेल. ती काचेच्या पेटीत, नाकात दुधाची नळी. आणि मी शेजारच्या खोलीत दूध काढायच्या पंपाला जोडलेली. यंत्राने माणसाला राबवू नये असं वीस वर्षं युनियनच्या व्यासपीठावरून गर्जत आले, आणि आता दर तीन तासांनी यंत्र मला राबवत होतं. पहिल्या दिवशी मिळाला जेमतेम चमचाभर चीक. मी ओशाळून तो ओढणीखाली लपवला, तर सिस्टर म्हणाल्या, "लपवता काय? सोनं आहे ते, आणा इकडे!" हजारोंच्या टाळ्या घेतलेल्या बाईला त्या एका वाक्याने रडू फुटलं.

पुढे ती अंगावर ओढायला शिकली. तीन घोट प्यायचे, दहा मिनिटं झोपायचं (माझ्या भाषणात आपले सासरे हेच करतात, फक्त घोट चहाचे). पोटात किती गेलं ते कळावं म्हणून पाजण्याआधी आणि नंतर, त्याच कपड्यांत, वजन करतात. वाढेल तेवढं दूध. पंचवीस ग्रॅम वाढले तर नळी काढू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवशी ती चांगली अर्धा तास प्यायली. काट्यावर ठेवली, तर उणे अठरा! मी पेटले. काट्याविरुद्ध, रुग्णालयाविरुद्ध, आईला ग्रॅममध्ये मोजणाऱ्या साऱ्या व्यवस्थेविरुद्ध बोलले. शेजारच्या दोघी आयांनी माना डोलावल्या. मी श्वास घ्यायला थांबले, तशी सिस्टरांनी विचारलं, "ताई, मधे लंगोट बदललात का?"

बदलला होता. ओलाचिंब होता.

शेवटी नळी निघाली, परवा घरी आलो. पण अंगावर तिचं अर्धंच पोट भरतं; उरलेलं पंपाचं दूध बाटलीने द्यायला सांगितलंय. बाटलीने! तुझं दूध आटलं तेव्हा तुझ्याच स्वयंपाकघरात मी बाटलीविरुद्ध पाऊण तास बोलले होते, आठवतं? तू ओट्याकडे तोंड करून बाटल्या उकळत होतीस. मला वाटलं, ऐकते आहेस. पाठ का फिरवली होतीस, ते आता कळलं.

तुझी,
थोरली जाऊ

ता.क. ते भाषण मी मागे घेते. मुद्द्यांसकट.

ता.क. २. बाटली किती तिरकी धरायची गं? तिला ठसका लागला की माझाच श्वास अडकतो, आणि तुझे भाऊजी नुसते "अरे, अरे" करतात. आठ दिवस येशील?

ता.क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी ती अंगावर सलग अकरा मिनिटं प्यायली, न झोपता. मी एक शब्दही बोलले नाही. तरीही ये.