तीस नंबरचा पत्ता

अण्णा, तुमचा पत्ता सापडला. तीस नंबरचा, ‘झेल कसा घ्यावा’. आत्ता तो माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर आहे. एकटा नाही, साडेपाच फुटी लाकडी फळीसकट आहे, त्यामुळे रविवारपासून आम्ही सगळे खाली बसून जेवतोय. आईचं म्हणणं, बरं झालं, यानिमित्तानं तरी आम्हा सगळ्यांच्या मांड्या वळल्या. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज ऑफिसला दांडी मारून लिहायला बसलेय, कारण मी जिंकलेय, आणि हे ज्याला आधी सांगावं असं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं सुचत नाही.

तुम्ही ही गोष्ट सांगायचात तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून सांगायचात. डोंबिवलीच्या एमआयडीसीतला तो छापखाना, तिथे तुम्ही कटिंग मशीनवर. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक त्याच मशीननं नेलेलं. एका उन्हाळ्यात बबलगमवाल्या कंपनीचं मोठं काम आलं, पाकिटात घालायचे तीस क्रिकेटचे पत्ते. एकोणतीस पत्त्यांवर खेळाडूंची चित्रं, आणि तिसाव्यावर मुलांसाठी धडा, झेल कसा घ्यावा. त्या फोटोसाठी कॉलेजच्या संघातला कुणीतरी यायचा होता. तो आलाच नाही. फोटोग्राफर घड्याळ बघतोय, मालक सगळ्या कामगारांवरून नजर फिरवतात, आणि पांढरा शर्ट-पँट घालून आलेले नेमके तुम्ही एकटे, कारण सुटल्यावर तुम्हाला कल्याणला एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला जायचं होतं. तुम्ही आयुष्यात बॅटला हात लावलेला नव्हता. गच्चीवर तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं करून तुमच्याकडे चेंडू फेकले, ते सगळे सुटले, मग कुणीतरी चेंडू सरळ तुमच्या हातात ठेवला आणि फोटो काढला. छापून आल्यावर एक पत्ता तुम्ही घरी आणलात, चार दिवस खिशात घालून सगळ्यांना दाखवत हिंडलात, आणि पाचव्या दिवशी तो शर्टाबरोबर धुतला गेला. मी तेव्हा चार वर्षांची होते. त्यामुळे मी तो पाहिलेला नव्हता, किंवा पाहिला असला तरी आठवत नव्हता.

पुढचं तुम्हालाही आठवत असणार. मी आठवीत होते. वर्गात मी ही गोष्ट सांगितली तर मुलांनी पत्ता दाखव म्हणून पिच्छा पुरवला, आणि नाही म्हटल्यावर आठवडाभर मला ‘झेल’ अशी हाक मारली. त्याच आठवड्यात जयंती आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, खिरीच्या वाट्या फिरतायत, तुम्ही निळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीय आणि मामांच्या साडूंना गच्चीवरचं ऊन सांगताय. मी दारात उभी राहून म्हणाले, “अण्णा, लोकांसमोर खोटं बोलत जाऊ नका. मला लाज वाटते.” तुम्ही मला ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही साडूंना म्हणालात, “अजून घ्या की खीर,” आणि त्यानंतर ही गोष्ट तुमच्या तोंडून मी कधीच ऐकली नाही.

मी आता वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. विजेची पॅनल बनतात तिथे, आणि लोकांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. तुम्ही म्हणाल, तू आठवीपासूनच नोकरीला लागलेली होतीस. दोन वर्षांपूर्वी फोनवर जुने पत्ते जमवणाऱ्यांचा एक ग्रुप मिळाला. त्यात तुमचे ते बबलगमवाले पत्ते निघाले, एकोणतीसच्या एकोणतीस, कोपरे जपलेले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेले. मी विचारलं, तिसावा? त्यावर डोंबिवलीतल्याच एका निवृत्त गृहस्थांनी मला शुद्ध मराठीत उत्तर दिलं की, “बाई, सदर संच एकोणतीसचाच आहे. तिसावा क्रमांक छापलाच गेला नाही. या विषयात माझा बावीस वर्षांचा अभ्यास आहे.” खाली पंधरा जणांनी सहमतीचे अंगठे दाखवले. मला इतका राग आला की त्या दिवशी मी बारा पॅनल परत पाठवली. त्यातली चार बहुतेक चांगली होती.

मग मी दिसेल त्याला विचारायला लागले. कॅन्टीनमध्ये एकदा म्हटलं, कुणाकडे क्रिकेटचे जुने पत्ते आहेत का, तर अकाउंट्सच्या मुलीनं मला मैदानांचे पत्ते पाठवले, पिनकोडसकट. पण आमच्या डिस्पॅचमध्ये एक जण आहे, पस्तिशीचा, शीळफाट्याजवळच्या गावचा, आता दिव्याला राहतो. तो चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, “मॅडम, आपल्याकडे आहेत ना. एकदम जुने. आजोबांच्या टायमाचे. या शनिवारी.” मी शनिवारी गेले. त्या दिवशी पाणी आलेलं नव्हतं, चार मजले चढून गेले तर जिन्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या. त्यानं कपाटावरून पिशवी काढली, माझ्यासमोर अलगद उघडली, आणि आत रमीचे पत्ते. दोन कॅट, तीन जोकर जास्त. माझं तोंड बघून त्याची बायको म्हणाली, “काय शोधताय ताई तुम्ही नक्की?” मी बोटांनी माप दाखवलं, बबलगम म्हटलं, खेळाडू म्हटलं. ती नवऱ्याकडे वळली. “अरे, ते तर तुझ्या आत्याच्या दुकानात फळीला चिकटवलेत ना. खडवलीला. लग्नानंतर गेलेलो तेव्हा मी बघितलेले.” तो म्हणाला, “ते होय. मग असं सांगायचं ना मॅडम, चित्रं. पत्ते काय बोलता?”

खडवलीला आम्ही गेल्या रविवारी गेलो. आत्या सत्तरीच्या, पाठीतून वाकलेल्या, पण नजर तिखट. त्यांच्या यजमानांचं घराला लागूनच किराणा दुकान होतं. ते गेल्यापासून बंद, आठ वर्षं. जुन्या पद्धतीचं दुकान, शटर नाही, खाचेत एकेक सरकवून बसवायच्या लाकडी फळ्या. आत अंधार, गुळाचा जुना वास, आणि फळ्यांच्या आतल्या बाजूला देवांची चित्रं, साबणाच्या जाहिराती आणि एका फळीवर वरपासून खालपर्यंत दोन रांगांत तुमचे पत्ते. बबलगमची कंपनी नवीन माल निघाला की दुकानदाराला नमुन्याचा संच द्यायची, दिसेल असा लावा म्हणून. आत्यांच्या यजमानांनी तो पिठाच्या खळीनं लावून टाकला. दुकान उघडलं की फळ्या आत उभ्या करून ठेवायचे, म्हणजे पोरांना बघायला मिळायचे.

मी मोबाइलचा उजेड पाडून वरून मोजत आले. आमचा डिस्पॅचवाला शेजारी उभा राहून माझ्याबरोबर मोजतोय. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. शेवटच्यावर धूळ आणि कोळ्याचं जाळं होतं, ते मी पदरानं पुसलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, अनवाणी पाय, एक टाच उचललेली, चटका बसत असणार. दोन्ही हातांची ओंजळ, ओंजळीत चेंडू, आणि डाव्या हाताचं ते बोट आखूड. त्याखाली छापलंय, ‘झेल घेताना नजर सदैव चेंडूवर ठेवावी.’ आणि तुम्ही सरळ समोर बघताय, अण्णा. फोटो काढताना बघतात तसं, श्वास रोखून, भांग नीट आहे ना या काळजीत. डिस्पॅचवाला वाकून म्हणाला, “मॅडम, हा तर बॉलकडे बघतच नाय.” मी म्हटलं, “माझे वडील आहेत ते.” आणि मला हसू फुटलं, असं की आत्या घाबरून बाहेरून आत आल्या. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मी रडेन. मला एवढा आनंद झाला होता की रडणं सुचलंच नाही.

त्या आनंदात सगळ्याचा विचका व्हायचा होता. मी जरा मागे सरले तेवढ्यात आमच्या या उत्साही गड्यानं रुमाल पाण्यात बुडवला आणि पत्ता सुटतोय का बघायला लागला. एकोणतीस नंबरच्या खेळाडूचा एक बूट त्यानं पुसून टाकलासुद्धा. मी क्वालिटीच्या आवाजात ओरडले, “हात लावू नकोस!” तो खाली बसला बिचारा. आत्या शांतपणे म्हणाल्या, “पानी कनाला लावतस रं? फलीच घेऊन जा गो पोरी. मना काय करायची हाय?” मी म्हटलं, मग दुकानाला भोक पडेल. त्या म्हणाल्या, “आमचे यांना चिकटवायची हौस लय होती. मी त्यांना बोलायची, कोन बगनार हाय ते?” आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मग आम्ही तिघांनी मिळून ती फळी खाचेतून काढली, गोधडीत गुंडाळली आणि ओळखीच्या टेम्पोतून, टेम्पोवाल्याच्या शेजारी मी आणि मागे फळीला धरून हा, असे डोंबिवलीला आलो. दुकानाच्या भोकाला तो डिस्पॅचच्या खोक्याचं प्लायवूड ठोकणार आहे येत्या रविवारी. तपासायला मी जाणार आहे.

ग्रुपवर मी फक्त फोटो टाकला, खाली एक अक्षर लिहिलं नाही. दहा मिनिटांत त्या गृहस्थांचा फोन. “बाई, मी येऊ का? चालत दहा मिनिटांवर आहे.” सोमवारी संध्याकाळी आले, इस्त्रीचा सदरा, खिशात भिंग. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग भिंग लावून बराच वेळ वाकून राहिले. खालची ओळ मोठ्यानं वाचली, वर तुमच्याकडे बघितलं, परत ओळ वाचली, आणि त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की ते हसतायत. म्हणाले, “म्हणजे पहिल्या खेपेत हा होता तर. नंतर का काढून टाकला तेही आता समजलं. चेंडूवर नजर ठेवा म्हणतात आणि स्वतः फोटोग्राफरकडे पाहतात.” मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “माझं चुकलं. बावीस वर्षं मी हे चुकीचं सांगत आलो. आजच तसं लिहितो.” लिहिलंही, आणि चांगलं लिहिलं. जाताना दारात घुटमळले. म्हणाले, माझा पूर्ण संच घ्या, एकोणतीस, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही, आणि हा एक मला द्या. मी म्हटलं, “वडील बदलून देत नाही काका, चहा घेऊन जा.” ते बसले, चहा घेतला, पुन्हा एकदा भिंग लावलं.

म्हणजे तुमच्यामुळे तो पत्ता मागे घेतला गेला होता, आणि मालकांनी तुम्हाला त्यावरून काय काय ऐकवलं असेल ते मला आता कळतंय. एवढा भाग तुम्ही गोष्टीतून काढून टाकायचात. बरोबर केलंत. मी असते तरी तेच केलं असतं. आईला विचारलं तर म्हणाली, “धुतलेल्या शर्टाच्या खिशातून लगदा मीच काढला ना. दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी.” मग फळीजवळ जाऊन तिनं तुमच्यावरची उरलीसुरली धूळ फुंकरीनं उडवली आणि म्हणाली, “किती बारीक होते गं.” नातवंडांनी तुमचे फोटो काढून त्यांच्या मित्रांना पाठवलेत. मामांच्या साडूंना, ते नव्वदीत आहेत, मी स्वतः फोन करून सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही. काल कंपनीत तर डिस्पॅचवाल्यानं अख्ख्या कॅन्टीनला गोष्ट सांगितली, तुमच्या अंगठ्यापासून भांगापर्यंत सगळी, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा, पन्नास माणसांनी.

हे पत्र तपासणीच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिलंय, ते फॉर्मांच्या गठ्ठ्यातच ठेवीन. आईला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट आहे. टाळ्या थांबल्यावर सगळे मला विचारत होते, मॅडम, कुणी मानत नव्हतं तरी तुमचा एवढा विश्वास कसा काय टिकला? मी म्हटलं, माझे वडील होते, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. घरीही तेच सांगितलं. खरं असं आहे की मी खडवलीच्या दुकानात वरून मोजत आले, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, तेव्हा फळी एकोणतीसवर संपणार याची मला खात्री होती, आणि गाडीत परत येताना या डिस्पॅचवाल्याला तुमच्याबद्दल काय सांगायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं.