दीड तासाचं काम

रविवार, दुपार

प्रिय बारक्या,

तुझ्या सचिवानं काल पुन्हा फोन करून बाबांची चौकशी केली. माणूस सभ्य आहे. दर वेळी "सरांनी विचारलंय" म्हणतो आणि मी दर वेळी "सुधारणा आहे" असं सांगते. सरकारी प्रश्नाला सरकारी उत्तर. खरं सांगायचं तर उजवा हात अजून हलत नाही. पाय जरासा उचलतात. पाणी पाजताना अर्धं ओठाच्या कडेनं ओघळतं आणि ते त्यांचं त्यांना कळतं, म्हणून ते तोंड भिंतीकडे फिरवतात. आज झटक्याला तेरा दिवस झाले. मी इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून हे लिहिते आहे. आत त्यांचा डोळा लागला आहे. फोनवर हे सगळं मला बोलता आलं नसतं, आणि माझा फोन तू उचलतोस कुठे.

खाटेची सोय तुझ्या एका शब्दावर झाली, हे मी विसरलेले नाही. आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, तीही सांगून टाकते. नव्या रस्त्यानं आम्ही अठरा मिनिटांत इथे पोचलो. आईच्या वेळी याच अंतराला दोन तास लागले होते. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होतास. टीव्हीवर तू रस्त्यांबद्दल बोलायला लागलास की समोरचे ते प्राध्यापक नाक मुरडतात, तेव्हा मला त्यांचाच राग येतो. रस्ता झाला, घरोघरी दिवे आले, लेथवर उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाचा मुलगा राजधानीत बसून सरकारच्या वतीनं देशाचं धोरण समजावून सांगतो, यातलं काहीच खोटं नाही. देश पुढे गेला नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. तुझं माझं भांडण झालं असतं तर ते दुसऱ्याच मुद्द्यावर झालं असतं, पण आपण कधी भांडलोच नाही. तू बोलत गेलास आणि मी ऐकत गेले.

संध्याकाळी सातची तुझी चर्चा म्हणजे आमच्या घरातला नेमच होता. बाबा चष्मा पुसून बसायचे. शेजारचा वेल्डर दुकान आवरून यायचा आणि दाराला टेकून उभा राहायचा, कारण हात काळे असताना खुर्चीत बसायचं त्याला जिवावर येई. पडद्यावर चार चौकटी, चार तोंडं, आणि चौघंही एकदम बोलणार. बाबा म्हणायचे, "कारखान्यातही एवढाच गोंगाट असायचा, पण संध्याकाळपर्यंत निदान पंप तरी बाहेर पडायचे." तुझी पाळी आली की मात्र हात वर करून आम्हाला गप्प करायचे. तू वाळलास का, घसा बसलाय का, यावरच त्यांचं अर्धं लक्ष. वेल्डरला तुझं पटायचं नाही. एवढी वाढ झाली म्हणतोस, मग लोक माझ्याकडे जुनीच फाटकं जोडायला का आणतात, नवी का करत नाहीत, असं तो म्हणायचा. त्यावर बाबा त्याला सुनवायचे, "तुझ्याकडे गिऱ्हाईक नाही म्हणून देश बुडत नाही." हे तू कधी ऐकलं नाहीस. तुझ्यासमोर ते मुके, आणि तुझ्यामागे तुझे वकील.

कारखाना बंद झाला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. तुझी परीक्षा तोंडावर होती म्हणून आम्ही तुला दोन महिने कळू दिलं नाही. पुढे त्यांनी सात-आठ ठिकाणी उंबरे झिजवले. सगळीकडे संगणकावर चालणारी यंत्रं आणि मुलाच्या वयाचे मॅनेजर. ते आदरानं बसवायचे, चहा द्यायचे, कळवतो म्हणायचे. बाबा घरी येऊन सांगायचे, "हल्ली नकारसुद्धा चांगल्या कपातून देतात." शेवटी ते वेल्डरच्या दुकानात जाऊन बसायला लागले. तिथे कोपऱ्यात एक जुना लेथ गंजत पडला होता. महिनाभर खपून त्यांनी तो चालता केला. आठवड्याला एखादं काम निघायचं, कुणाचा दांडा, कुणाची कडी. त्या दिवशी घरी येताना त्यांची चाल वेगळी असायची. मला गॅलरीतूनच कळायचं.

माझं काम तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तुझ्यापर्यंत ते टक्के होऊन येतं. मी सरकारी रोजगार पाहणीसाठी दारोदार फिरते, जिने चढते, कुत्री चुकवते, आणि एक प्रश्न विचारते : गेल्या सात दिवसांत तुम्ही निदान एक तास तरी काम केलंत का? मोबदला पैशात नसला, वस्तूत असला, तरी चालतं. एक बाई म्हणाली, शेजारणीचं मूल दुपारभर सांभाळलं, तिनं जुनी चादर दिली. मी 'हो'वर बोट ठेवलं. बाई कामाला लागली. नियमच तसा आहे, त्यात कुणाचा कट नाही. पुढे आणखी रकाने असतात, किती तास केलंत, आणखी काम हवं होतं का, शोधलंत का. लोक खरं बोलतात ते तिथे. पहिल्या प्रश्नाला मान हलवतात आणि या प्रश्नांना खुर्ची पुढे ओढतात. मी ते सगळं मन लावून भरते आणि वर पाठवते. टीव्हीपर्यंत मात्र पहिलाच रकाना पोचतो.

गेल्या वर्षी पाहणीत आमची गल्ली लागली. स्वतःच्या घरी जायची आम्हाला परवानगी नाही, म्हणून माझी मैत्रीण आली. बाबांनी तिला सरळ सांगितलं, मंगळवारी दीड तास लेथवर होतो, वेल्डरनं त्याबदली आमच्या खिडकीचा तुटलेला गज जोडून दिला. तिनं 'हो' भरलं. दुसरं काय भरणार? तीन महिन्यांनी तू पडद्यावर तो आकडा सांगितलास, कामावर असलेल्यांची संख्या आजवरची सर्वांत मोठी. बाबा वेल्डरकडे वळून म्हणाले, "म्हणजे मी बेकार नाही. दहा वर्षं उगाच लोकांसमोर तोंड लपवत होतो." वेल्डर खो खो हसला. बाबाही हसले, पण जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, "आपला बारक्या बोलला त्यात मलाही धरलंय का गं?" मी हो म्हणाले.

मग तू इथल्या सभागृहात आलास. 'देश पुढे चालला आहे का?' अशी जाहीर चर्चा, चौकाचौकांत तुझा फोटो. कार्यक्रम झाला की घरी जेवायला येणार होतास. बाबांनी सकाळीच केस कापून घेतले आणि पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. तू छान बोललास. प्राध्यापकही बोलले, पण त्यांना सगळंच बुडालेलं दिसत होतं आणि लोक कंटाळले. मग सूत्रधारानं श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं आणि बाबा उभे राहिले. खिशातून कागद काढला. पाहणीच्या आठवड्यात मी दीड तास काम केलं, तुमच्या आकड्यात मी कामावर आहे, पण आणखी काम हवं असं मी त्याच पाहणीत सांगितलं होतं, तो आकडा तुम्ही कधी का सांगत नाही? मी खांबाआड उभी होते, तिथून मला तुझा चेहरा दिसत होता. तू त्यांना पाहिलंस, ओळखलंस, समोरचा पाण्याचा पेला उचलून परत ठेवलास. आणि म्हणालास, "काका, तुमच्या भावना मी समजू शकतो, पण देश भावनांवर चालत नाही." टाळ्या झाल्या. बाबांनी कागदाची घडी घातली आणि खाली बसले. तू जेवायला आला नाहीस. उशीर झाल्याचा निरोप सचिवानं दिला. बाबा म्हणाले, "सभेत नातं काढलं असतं तर लोकांनी त्यालाच नावं ठेवली असती. बरोबर केलं त्यानं." मग वाढलेल्या ताटावर झाकण घातलं.

तीन दिवसांनी पेपरानं शोधून काढलं की तो प्रश्न विचारणारा तुझा बाप होता. त्या दिवशीचा तुझा फोन मी शेजारी उभी राहून ऐकला. कुणी पढवलं तुम्हाला, विरोधकांनी की त्या प्राध्यापकानं, असं तू विचारत होतास. बाबा म्हणाले, "कुणी नाही रे. माझं मलाच राहवलं नाही." तू म्हणालास की चारचौघांत माझी अब्रू घेतलीत, आणि फोन ठेवलास. तेव्हापासून आठ महिने झाले. बाबा रोज सातला टीव्हीसमोर बसत राहिले. वेल्डर काही बोलला तरी त्याला उत्तर देईनासे झाले. मग तोही यायचा थांबला. लेथकडे त्यांनी पाठ फिरवली ती फिरवलीच.

बारक्या, तो प्रश्न माझा होता. शब्दन् शब्द माझा. दुपारच्या सुट्टीत ऑफिसात बसून लिहिला, मग वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरांत पुन्हा उतरवला. खात्याबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही असं आमच्याकडून लिहून घेतलंय, म्हणून मी उभी राहू शकत नव्हते. बाबांनी दोनदा नाही म्हटलं, "पोराला भर सभेत अडवायचं नसतं." मीच हट्ट धरला. म्हटलं, तुमचं तोंड पाहून तरी तो खरं बोलेल. तुझ्या फोननंतर सगळं सांगायला मी निघाले होते, तर त्यांनी मला शपथ घातली. म्हणाले, "तुझी नोकरी जाईल, शिवाय तुम्हा भावंडांचंही तुटेल. माझ्याशी तुटलंय ते जुळेल, बाप आहे मी." ते जुळलं नाही, आणि मी आठ महिने गप्प बसले. आता त्यांच्या जिभेवर एकच शब्द उरलाय, 'हो'. परवा त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, बाबा, बारक्याला खरं सांगू? हो म्हणाले. मग विचारलं, की नको सांगू? त्यालाही हो. तेव्हा ही शपथ माझी मीच मोडली आहे, त्यांच्यावर ढकलत नाही. हे पत्र तू कुणाला दाखवलंस तर माझी नोकरी जाईल, ते तू ठरव. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर काही हातात राहणार नाही. म्हणून तू ये. भेटायची वेळ चार ते सहा आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर तेवढा वेळ मी खाली फाटकापाशी जाऊन बसेन.

तुझीच, तुला आवडो न आवडो,
ताई