राब भाजायला गेलात तेव्हा

बाबा, आज कॉलेजात मुलांना हाडांतल्या मज्जेबद्दल शिकवताना मी मधेच थांबले. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी तिथे बहुतेक झोपून असतात, रक्त कमी पडलं की शरीर त्यांना उठवतं, गरज भागली की पुन्हा निजवतं, एवढं सांगून झालं होतं. कधीकधी शरीरच या पेशींवर उलटतं, हे सांगायचं होतं. पण समोर तुम्हीच दिसलात, किन्हवलीच्या आपल्या पडवीत, पांढरेफटक, हिरड्यांतलं रक्त पंच्याने टिपत बसलेले.

आई तेव्हा तुम्हाला बीट, गूळ, कलेजी भरवायची. रक्त वाढवायचं म्हणजे खायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. तुम्ही मात्र मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना विचारलंत, "म्याडम, आमी सगलं बी पेरत नाय. रोप गेलं तर म्हणून थोडं राखतो. माझ्या अंगात राखलेलं काय नाय का?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असेल. औषधाने जागं होतंय का बघू. तोवर धूळ, धूर, कुजका पाला यांच्या जवळ जायचं नाही. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तुमच्यात जवळजवळ उरलेल्याच नाहीत."

उन्हाळ्यात तुमच्या गालांवर रंग आला. नव्या लाल पेशी दिसायला लागल्या होत्या, पांढऱ्या अजून यायच्या होत्या. आम्ही त्या रंगावरच खूश. एका सकाळी बघते तर तुम्ही शेतात. भाताचं रोप टाकायची जागा आधी पालापाचोळा नि शेण पसरून भाजायची, ते राबाचं काम तुम्ही कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं.

"बाबा, डॉक्टरणीनं काय सांगितलंय?"

"आज अंगात जोर हाय गो. घरात बसून काय करू?" म्हणत तुम्ही पाल्याचा भारा सोडलात. बुरशीची धूळ उडाली, मग धूर. आठवडाभरात ताप, खोकल्यातून रक्त. पेरणीआधीच तुम्ही गेलात.

पुढे मी याच पेशींच्या मागे लागले. तुम्हाला शेतात नेलं ते तुमच्या बरं होण्यानेच, हे शिकता शिकता कळलं. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. अजून स्वप्नात तुम्ही डोक्यावर भारा घेऊन बांधावरून येता. पुढचं सगळं मला माहीत असतं. तरी मी तुम्हाला थांबवत नाही, बाबा. तुम्ही इतके छान चालत असता.